सीगल एस ६ ठेवू की विकू?

अरे थांब, बोटं दुखतात नि एफ कॉर्ड लागत नाही म्हणून सीगल एस ६ गिटार विकू का विचारतोस, पण एवढ्यात विकायला काढू नकोस. इथल्या दुकानदाराने नाव ऐकलं नाही म्हणून गिटार हलकी ठरत नाही, सीगल कॅनडात क्यूबेकमधल्या ला पात्री गावात बनते आणि दादाने टोरंटोहून आणलीये म्हणतोस तर आधी नीट तपास तरी.

बोटं दुखतात ते बहुतेक ॲक्शनमुळे, म्हणजे तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जास्त उंच असल्यामुळे. स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धर, जाड ई तार फ्रेटपासून किती वर आहे बघ, अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, साडेतीन असेल तर कोणाचीही बोटं रडतील, मग सेटअप करून (तारांची उंची जुळवून) घे आणि बाराच्या ऐवजी अकराचा, म्हणजे जरा पातळ तारांचा सेट लाव. मग महिनाभर वाजव.

एफ कॉर्ड लागत नाही त्याचं मात्र वेगळंय. हिचा नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) १.८ इंच रुंद, फिंगरस्टाइलला (बोटांनी तारा छेडायला) मस्त मोकळा, पण लहान हाताला एफसारखे बारे कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे, जड जातात. महिन्यानंतरही मनगट अवघडत असेल तर बिनधास्त विक, त्यात लाज कसली.

वरची फळी सीडरची, मऊ असते, माझ्या सीडरवाल्या गिटारवर तर शर्टाच्या बटणाचे ओरखडे आहेत (आवाजाला ढिम्म फरक नाही). पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल टाक. आणि हो, ब्रिजच्या (वरच्या फळीवर तारा अडकवतात ती लाकडी पट्टी) मागे कागद सरकवून बघ, थोडा फुगवटा चालतो, पण कागद आत गेला तर ब्रिज सुटतोय, आधी दुरुस्तीचा खर्च विचार मगच ठरव.