‘जेवलीस का?’ ‘जेवले.’ : आयर्लंडला इंग्रजी शिकायला जाणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की मी आठ महिने कॉर्कला इंग्रजी शिकायला होते, तर त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सदर अख्खं आयर्लंडलाच देऊन टाकलंय. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांची, बी.कॉम. झालंय, शाळा मराठी मीडियमची. डब्लिनला 25 आठवड्यांचा इंग्लिशचा कोर्स करायचं डोक्यात आहे. एजंट म्हणतो तिथे काम करून सगळा खर्च निघतो आणि पुढे सेटल पण होता येतं. पप्पा म्हणतात आयर्लंड म्हणजे इंग्लंडच की, मग लंडनलाच जा. काय करू? (सांगली)

उत्तर : आधी पप्पांचं बघू. ‘आयर्लंड म्हणजे इंग्लंडच’ हे वाक्य घरात म्हटलं तर चालेल, डब्लिनला उतरल्यावर कुणासमोर चुकूनही म्हणू नकोस गं बाई. 1922 पासून वेगळा देश आहे तो, युरो चालतो, व्हिसा वेगळा. पप्पांना सांग, लोकमान्यांनी 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग काढली ना, तो होमरूल शब्द आयर्लंडच्या राजकारणातूनच आलेला, आणि नेमकं त्याच एप्रिलमध्ये डब्लिनच्या मुख्य पोस्टात इंग्रजांविरुद्धचे बंडवाले ठाण मांडून बसले होते. ती पोस्टाची इमारत अजून उभी आहे, मी मुद्दाम आत जाऊन घरी पाठवायच्या पत्राला तिकीट लावून आले. उत्तरेकडचं बेलफास्ट मात्र युकेमध्ये येतं, आणि इथे आपली पोरं फसतात. डब्लिनवरून तिकडचा जायंट्स कॉजवे, म्हणजे समुद्रकाठचे दगडी खांब, बघायला बस जाते, बॉर्डरवर कुणी थांबवत नाही, ब्राझीलचे वर्गमित्र खुशाल जातात म्हणून आपणही चढतो, पण तुझा आयरिश स्टुडंट व्हिसा तिकडे चालत नाही. फुकटची जोखीम आहे, फोटोसाठी घेऊ नकोस.

आता एजंट. तो अर्धं खरं बोलतोय आणि हेच जास्त त्रासाचं. नियम असा की कोर्स सरकारच्या मान्य यादीत, म्हणजे आयलेपमध्ये हवा, आठवड्याला कमीत कमी 15 तास शिकवणी, 25 आठवडे, मग तुला आठ महिन्यांची परमिशन मिळते, तिला स्टॅम्प टू म्हणतात. त्यावर आठवड्याला 20 तास काम करता येतं, आणि जून ते सप्टेंबर आणि 15 डिसेंबर ते 15 जानेवारी या काळात 40 तास. 2025 ला किमान पगार ताशी 13.50 युरो होता, म्हणजे 20 तासांचे 270 युरो झाले, तेही काम मिळालं तर आणि पहिल्या आठवड्यापासून मिळालं तर. डब्लिनचं खोलीचं भाडं बघितलंस की कळेल त्यातून राहणं-खाणं कसंबसं भागतं. फी निघत नाही. वर तिथल्या रजिस्ट्रेशनच्या कार्डाचे 300 युरो आणि मेडिकल इन्शुरन्स वेगळा.

आणि सेटलचं म्हणशील तर असं भाषेचं शिक्षण जास्तीत जास्त तीनदा, म्हणजे एकूण 2 वर्षं करता येतं, त्यानंतर बस. तो काळ नागरिकत्वासाठी धरतही नाहीत. शिक्षणानंतर थांबून नोकरी शोधायची सवलत डिग्रीवाल्यांना आहे, लेव्हल 9 चं मास्टर्स केलं की 2 वर्षांपर्यंत मिळते, भाषेच्या कोर्सला नाही. म्हणून मला विचारशील तर सेटलच व्हायचं असेल तर इथेच इंग्रजीवर काम करून मास्टर्सला अर्ज कर. नुसती भाषा आणि आठ महिन्यांचा मोकळा वारा हवा असेल तर जरूर जा, पण पूर्ण पैसे हातात घेऊन. व्हिसाच्या अर्जात ‘हे इंग्रजी भारतात शिकता आलं नसतं का’ याचं उत्तर लागतंच, ते एजंटच्या छापील पत्रातून देऊ नकोस, तुझ्या शब्दात लिही.

अजून एक. 2014-15 च्या सुमारास डब्लिनच्या बऱ्याच भाषाशाळा अचानक बंद पडल्या आणि फी भरलेली मुलं रस्त्यावर आली. त्यामुळे शाळा बंद पडली तर तुझ्या फीचं किंवा कोर्सचं काय होणार याचं संरक्षण शाळेकडे आहे का ते लेखी मागून घे. आणि हजेरी 85 टक्के लागते, कामाच्या नादात बुडवलीस तर पुढची परमिशन गेली.

प्रश्न : ताई, मी कॉर्कमध्ये येऊन दोन महिने झाले. क्लासमध्ये सर बोलतात ते सगळं कळतं पण दुकानात, बसमध्ये कोण काय बोलतंय काही म्हणजे काही कळत नाही. हे इंग्लिशच आहे का? मी चुकीच्या देशात आलो का? (मूळ लातूर)

उत्तर : अरे माझंच पत्र मला परत आल्यासारखं वाटलं! माझ्या पहिल्या आठवड्यात घरमालकीण म्हणाली कप्स आर इन द प्रेस, आणि मी इस्त्री शोधत बसले. प्रेस म्हणजे कपाट. आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, त्यात कपडे सुकवतात, पावसाळी देशात ती जागा देवघराइतकी महत्त्वाची समज. गिव्हिंग आउट म्हणजे वाटणं नाही, ओरडणं, कटकट करणं. योक म्हणजे आपलं ‘ते हे’, नाव आठवत नसेल ती कुठलीही वस्तू. युअर मॅन म्हणजे तुझा माणूस नव्हे रे, ‘तो बाबा’. ग्रँड म्हणजे भव्यदिव्य काही नाही, ‘बरंय’. क्रॅक म्हणजे ड्रग नव्हे, मजा, गप्पा, रंगलेली मैफल, पोलिसात जायचं काही कारण नाही. आणि कुणी ‘आय विल, येह’ असं लांबवून म्हटलं तर तो येणार नाहीये, आपण ‘हो, येतो की, वाटच बघ’ म्हणतो तसं.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तू मराठी आहेस म्हणजे तुला हे इंग्रजी उलट सोपं जायला हवं. कसं ते ऐक. तिथे कुणाला विचार डिड यू ईट, तो येस म्हणून थांबत नाही, म्हणतो आय डिड. आर यू कमिंग? आय अ‍ॅम. का? तर त्यांच्या मूळ आयरिश भाषेत हो आणि नाही यांना सरळ शब्दच नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं. आणि आपण काय करतो? जेवलीस का, जेवले. आलास का, आलो. शाळेत सरांनी ‘येस, आय हॅव’ घोकून घेतलं तेव्हा आपल्याला ते कृत्रिम वाटायचं, इथे तेच घरचं वाटतं.

दुसरं, यी. तू एकटा असशील तर यू, दोघंतिघं असलात तर यी, म्हणजे तू आणि तुम्ही. प्रमाण इंग्रजीनं हरवलेली गोष्ट यांनी बोलण्यात जपून ठेवलीय. तिसरं, थिंक मधला तो थ, जीभ दातात धरून फुंकर मारायची कसरत. खूपसे आयरिश लोक ती करतच नाहीत, जीभ दाताला टेकवून सरळ म्हणतात, आपला थ आणि द असतो तसाच. र सुद्धा ठणठणीत उच्चारतात, कार, डोअर, गिळत नाहीत. माझी शिक्षिका मला म्हणाली होती, तुझा र बदलायच्या भानगडीत पडू नकोस. शाळेत दहा वर्षं उच्चारावरून हसू झालेल्या मुलीला हे ऐकून काय वाटलं असेल विचार कर.

आणि ‘आय अ‍ॅम आफ्टर हॅविंग माय डिनर’ ऐकलंस तर तो जेवणाच्या मागे लागलेला नाही, नुकताच जेवून उठलाय. ही रचना पण आयरिशमधून उचललेली. म्हणजे बघ, 1845 ते 52 च्या बटाट्याच्या दुष्काळात साधारण दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली, आणि त्यातली कितीतरी आयरिश बोलणारी होती. आधीच मागे पडत चाललेली भाषा आणखी खचली, इंग्रजी घराघरात शिरली, पण ती यांनी आपल्या व्याकरणावर बेतून घेतली. आजही राज्यघटनेत पहिली भाषा आयरिशच आहे आणि इंग्रजी दुसरी, बसच्या पाट्यांवर दोन्ही दिसतात तुला. उन्हाळ्यात इथली शाळेतली पोरं तीन-तीन आठवडे पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या गावांत जाऊन राहतात, एखाद्या घरी, तिथल्या बाईंच्या देखरेखीखाली, स्वतःचीच भाषा शिकायला. तू इंग्रजी शिकायला परक्याच्या घरी राहतोयस ना, मग त्यांना त्यांच्या या दिवसांबद्दल विचार, अर्धा तास बोलत बसतील आणि तू निम्मं समजशील. पुढच्या महिन्यात पाऊण.

कॉर्कचं मात्र मान्य, ते लोक गातात. वाक्य वर चढतं आणि खाली घरंगळतं. मालवणी पहिल्यांदा ऐकताना पुणेकराचं होतं ते आपलं तिथे होतं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्स म्हणतोस ना? सगळे म्हणतात. तिथून सुरुवात कर.

प्रश्न : मुलगी गॉलवेला गेली आहे. फोनवर दर वेळी सांगते आज पबमध्ये गेलो होतो. आमच्याकडे कुणी पीत नाही. ती पीत नाही म्हणते पण मग पबमध्ये जायचं कशाला? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, तुमच्या जागी माझी आई होती, तिनंही हेच विचारलं होतं, फक्त आवाज जास्त चढवून. तिथला पब म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे हो. आजोबा पेपर वाचत बसलेले असतात, दुपारी लहान पोरं आईबापाबरोबर सूप-ब्रेड खात असतात, आणि संध्याकाळी एखाद्या कोपऱ्यात चार-पाच जण फिडल, बासरीसारखी टिन व्हिसल, डफासारखं बोरान घेऊन बसतात. याला सेशन म्हणतात. तिकीट नाही, स्टेज नाही, माइक बहुतेक नाही. आपल्याकडच्या गावातल्या भजनी मंडळासारखं, ज्याला वाजवता येतं तो येऊन टेकतो. गॉलवेला आणि शेजारच्या क्लेअरमध्ये तर हे फारच, ती बरोब्बर जागी आहे. मुलीला एवढं सांगा की वादकांच्या खुर्च्यांवर बसायचं नाही आणि कुणी एकटं गायला लागलं की बोलायचं नाही.

न पिणाऱ्यांची अडचण एकच असते, राउंड. टेबलावरच्या प्रत्येकानं आळीपाळीनं सगळ्यांसाठी घ्यायची पद्धत. तुमची मुलगी पाच युरोचं लेमोनेड पिणार आणि तिच्या पाळीला पाच जणांची बिअर घेणार, हे परवडत नाही. तिनं सुरुवातीलाच सांगायचं, मी राउंडमध्ये नाही, माझं मी घेते. कुणी रागावत नाही. राउंडमध्ये प्यायचं आणि आपली पाळी आली की बाथरूमला जायचं, यावर मात्र माणसाचं नाव कायमचं खराब होतं!

जाता जाता, चहाचं. कुणाच्या घरी चहा विचारला आणि पहिल्यांदा नको म्हटलं तर ते ‘आ, गो ऑन’ म्हणून परत विचारतात, मग तिसऱ्यांदा. आपल्यासारखाच आग्रह. त्यामुळे मुलगी उपाशी राहणार नाही, पण तीन कप चहा होईल.

प्रश्न : डब्लिनमध्ये सहा जण रूम शेअर करतो, सगळे मराठी. पाच महिने झाले, इंग्लिश जैसे थे. (पत्ता नको म्हणालाय)

उत्तर : उत्तर तुझ्या दुसऱ्याच शब्दसमूहात आहे राजा. घर मिळणं किती अवघड आहे ते मला माहितीये म्हणून घर सोड म्हणणार नाही (आणि सोडलंस तर खोली डोळ्यानं बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नकोस, माझे तीन आठवड्यांचे पैसे असेच एकानं बुडवले, किल्ली आलीच नाही). पण घराबाहेरचे तास बदल. जवळचा जीएए, म्हणजे तिथल्या देशी खेळांच्या संस्थेचा, क्लब शोध. 1884 पासूनची संस्था आहे, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल, गावोगावी क्लब. हर्लिंग म्हणजे अ‍ॅशच्या लाकडाची काठी आणि चेंडू, वेग असा की मला पहिल्या मॅचला चेंडूच दिसला नाही. 82,000 लोक मावणाऱ्या क्रोक पार्कवर फायनल खेळणारा गडी एरवी शाळेत गणित शिकवत असतो, कारण खेळाडूंना पगारच नाही. त्यामुळे क्लबला नेहमी माणसं हवी असतात, पोरांना पाणी द्यायला, चहा करायला, गेटवर उभं राहायला. जा आणि उभा राहा. पावसात दोन तास शेजारी उभ्या असलेल्या काकांशी तू मराठीत बोलू शकणार नाहीस, आणि ते काका गप्प बसणार नाहीत, याची गॅरंटी माझी.

मराठी मंडळींचा गणपती चुकवू नकोस पण. तो हक्काचा.

प्रश्न : सामानात काय न्यावं? आई तूप आणि पेढे देतेय. (रत्नागिरी)

उत्तर : तूप, पेढे, चक्का काही नेऊ नकोस, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील आणि आईचा जीव हळहळेल. मसाले, कुकर आणि कुकरची जादा रिंग ने. छत्री नको, वाऱ्यानं दुसऱ्या दिवशी उलटी होते, चांगलं रेनकोटचं जाकीट घे. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा घरची आठवण फार येते, तयारीत राहा. तुपाचं म्हणशील तर तिथलं लोणी इतकं सुंदर आहे, बारमाही हिरव्या कुरणातल्या गाईंचं, पिवळंधमक. बिनमिठाचं बघून घे, मंद आचेवर कढव, आणि कढवताना खिडकी उघडी ठेव, स्मोक अलार्म वाजला की अख्खी बिल्डिंग रस्त्यावर येते. आमची आली होती. रात्री साडेअकराला, पावसात, नाइट ड्रेसवर. त्या रात्री मी शेजाऱ्यांशी पहिल्यांदा बोलले.