पासपोर्ट बदलला, आता कुठं कुठं कळवायचं?

वाचकांचे प्रश्न : परदेश प्रवास

मुलं-सुना अमेरिकेत आणि आई-वडील लातूर, नांदेड, जालन्यात, अशी घरं आता मराठवाड्यात गावोगावी आहेत. त्यांच्या पत्रांत दोन योजनांची नावं वरचेवर येतात. पहिली ‘ग्लोबल एंट्री’. ही अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभागाची, म्हणजे सीबीपीची योजना आहे. आधी चौकशी करून घेतलेल्या प्रवाशाला तिथल्या विमानतळावर लांब रांगेत थांबावं लागत नाही. भारतीय नागरिकांना ती २०१७पासून खुली आहे, शुल्क १२० डॉलर आणि मुदत पाच वर्षं. दुसरी, आपल्याकडच्या विमानतळांवर इमिग्रेशनच्या रांगेतून लवकर सुटण्यासाठीची, आपल्या सरकारची ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम’. ती जून २०२४मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५मध्ये मुंबई व हैदराबादसह आणखी सात विमानतळांवर आली. सदस्य झाल्यावर काय बदललं की कुठं कळवायचं, यावरचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ग्लोबल एंट्री आहे. पासपोर्टची मुदत संपत आल्यामुळं नवा काढला, नंबर बदलला. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे. सदस्यत्व गेलं का? (लातूर)

गेलं नाही. सदस्यत्वाचा नऊ आकडी नंबर, ज्याला पासआयडी म्हणतात, तोच राहतो. पण त्या नंबरामागं सीबीपीकडं तुमचा जुना पासपोर्ट नोंदलेला आहे. नवा दाखवून उतरलात तर यंत्राला तुमची नोंद जुळवता येणार नाही आणि तुम्हाला नेहमीच्या रांगेत जावं लागेल. म्हणून नवा पासपोर्ट हातात पडला की त्याच आठवड्यात हे काम उरका.

सीबीपीच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर संकेतस्थळावर लॉगिन केलं की डॅशबोर्डवर तुमचं सदस्यत्व दिसतं आणि तिथंच कागदपत्रं अद्ययावत करण्याचा पर्याय असतो. नव्या पासपोर्टचा नंबर, दिल्याची तारीख आणि मुदतीची तारीख भरा. तारखा भरताना जपा. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. ०५/०८ म्हणजे आपल्याकडं ५ ऑगस्ट, त्यांच्याकडं ८ मे. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर संगणक चूक दाखवतो, लहान असेल तर चुकीची तारीख मुकाट्यानं घेतो. जतन केल्यावर पान पुन्हा उघडून एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांचीही गल्लत होते. भारतीय पासपोर्टच्या नंबरात पहिलं एक अक्षर आणि पुढं सात आकडे असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. या बदलाला पैसे पडत नाहीत.

व्हिसा जुन्या पासपोर्टवर असला तरी त्याची मुदत असेपर्यंत चालतो, मात्र प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ हवेत. नव्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्रात गेलात की जुना रद्द करून परत देतात. त्यात चालू व्हिसा आहे हे खिडकीवर आवर्जून सांगा, व्हिसाच्या पानाला धक्का लागता कामा नये.

एक जागा बहुतेकांची राहून जाते. विमान कंपनीच्या खात्यात जुना पासपोर्ट साठवलेला असतो आणि पुढचं तिकीट काढताना तोच आपोआप भरला जातो. तेही बदला. आधी काढून ठेवलेलं तिकीट असेल तर त्या बुकिंगमध्ये स्वतंत्रपणे बदला. खातं सुधारलं म्हणून जुनं बुकिंग सुधारत नाही.

प्रश्न : मुलीचं लग्न झालं. आता मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येईल, आडनावही बदलेल. तिच्याकडं अमेरिकेचा व्हिसा आणि ग्लोबल एंट्री दोन्ही आहे, कामानिमित्त वर्षातून दोनदा जाणं असतं. सुरुवात कुठून करावी? (परभणी)

ताई, सगळ्यात आधी हे सांगतो की लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. जन्माच्या नावावर पासपोर्ट, व्हिसा, पदव्या आणि नोकरीची कागदपत्रं सगळं जुळत असेल, तर तसंच चालू ठेवणं पूर्ण कायदेशीर आहे आणि सतत प्रवास करणाऱ्या मुलीसाठी सोयीचंही आहे. आमचं मत विचाराल तर नाव बदलायचं की नाही हे तिला ठरवू द्या, आणि निर्णय पक्का होईपर्यंत एकाही कागदाला हात लावू नका. आधार बदललं, पासपोर्ट तसाच राहिला आणि तिकीट तिसऱ्याच नावानं निघालं, असा अर्धवट बदल सगळ्यात जास्त नडतो.

बदलायचं ठरलं तर पासपोर्ट पहिला. त्यात नावाची नुसती दुरुस्ती होत नाही, पासपोर्ट नव्यानं काढावा लागतो. अर्जात ‘री-इश्यू’ निवडून वैयक्तिक तपशिलातला बदल हे कारण द्यायचं. ३६ पानी पासपोर्टला साधं शुल्क १,५०० रुपये आहे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेतून ते काढताना त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग आत्ताच्या पासपोर्टप्रमाणं आहे ना ते पाहा. ‘शिंदे’च्या शेवटी ई की आय, ‘जाधव’मध्ये व्ही की डब्ल्यू, अशा एका अक्षरावरून फाईल परत येते.

पासपोर्टमध्ये आडनाव आणि दिलेलं नाव असे दोनच रकाने असतात, मधल्या नावाला वेगळा रकाना नाही. आपल्याकडं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावामागं जातं. सीबीपीच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर अर्जात मात्र मधल्या नावाला स्वतंत्र जागा दिसते आणि माणूस तिथं अडखळतो. पासपोर्टवर आहेत ती सगळी नावं, त्याच क्रमानं आणि त्याच स्पेलिंगनं आली पाहिजेत. तिकिटावरही तसंच. अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात टीएसए प्रीचेकची, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या वेगळ्या जलद रांगेची सवलत मिळण्यासाठी बुकिंगमध्ये पासआयडी भरतात. तिथं नाव किंवा जन्मतारीख सदस्यत्वाशी जुळली नाही तर बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण उमटत नाही. मग नंबर बरोबर असूनही साध्या रांगेत उभं राहावं लागतं.

पासपोर्टनंतर व्हिसा. जुन्या नावाचा व्हिसा शिल्लक असला तरी नवीन नावाचा काढून घ्यावा अशी अमेरिकी परराष्ट्र खात्याचीच शिफारस आहे.

तिसरी पायरी ग्लोबल एंट्रीची. इथं नुसत्या पासपोर्ट बदलाहून वेगळी रीत आहे. नावातला बदल घरबसल्या होत नाही, त्यासाठी नोंदणी केंद्रात स्वतः जावं लागतं. असं केंद्र भारतात नाही. म्हणून पुढच्या कामाच्या फेरीत ज्या विमानतळावर उतरायचं तिथं केंद्र आहे का, त्याची वेळ काय आणि आधी वेळ घ्यावी लागते का, हे निघण्याआधी पाहून ठेवा. त्या फेरीत आत जाताना नेहमीची रांग धरायची आणि मग केंद्रात दोन्ही पासपोर्ट व विवाह प्रमाणपत्र दाखवायचं. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून सोबत न्या. नागरिकत्व बदललं किंवा ग्रीन कार्ड मिळालं तरी अशीच केंद्रात फेरी आहे.

प्रश्न : पासपोर्टवर जन्मस्थळ ‘औरंगाबाद’ आहे, आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर. अर्जात काय लिहायचं? धाराशिवच्या पाहुण्यांनाही हीच शंका आहे.

जन्मस्थळ पासपोर्टवर छापलंय तसंच, तेच स्पेलिंग. शहराचं नाव बदललं म्हणून चालू पासपोर्ट बाद होत नाही आणि एवढ्यासाठी नवा काढायची गरज नाही. पुढं कधी नवीन पासपोर्टवर जन्मस्थळ नव्या नावानं छापून आलं, तर बाकीच्या नोंदी त्याच्याबरहुकूम करायच्या. राहण्याचा पत्ता हा वेगळा मुद्दा आहे. तो आजच्या नावानं लिहा, फक्त पिनकोड चुकू देऊ नका.

प्रश्न : चार वर्षं अमेरिकेत राहून नांदेडला परतलो. तिथलं सिम बंद झालं. सीबीपीच्या खात्यात जायला ओटीपी त्याच नंबरवर जातो. पत्ता बदलायचाय, आत शिरताच येत नाही.

या खात्याचं दार ‘लॉगिन डॉट गव्ह’ नावाच्या वेगळ्या सेवेतून उघडतं. ईमेल आणि पासवर्ड तुमच्या लक्षात असला तरी दुसरी खातरजमा लागतेच. खातं काढताना दहा बॅकअप कोड उतरवून ठेवले असतील किंवा ऑथेंटिकेटर अ‍ॅप (सिमशिवाय फोनवरच कोड दाखवणारं) जोडलेलं असेल, तर त्यातून आत जा आणि पहिल्यांदा भारतातला नंबर जोडून जुना काढून टाका.

यातलं काहीच नसेल तर जुनं लॉगिन पुसून नवं काढणं हा एकच रस्ता उरतो. पुसण्याची विनंती केल्यावर २४ तास थांबावं लागतं. दुसऱ्या खातरजमेशिवाय जुन्या लॉगिनमध्ये शिरण्याची पळवाट सुरक्षेसाठी बंद ठेवलेली आहे, कुठल्याही मदत केंद्राला फोन करून ती उघडत नाही. नवं लॉगिन झालं की ट्रस्टेड ट्रॅव्हलरच्या पानावर ‘आधीपासून सदस्य आहे’ असं सांगून पासआयडी आणि जन्मतारीख वगैरे भरायची, म्हणजे जुनं सदस्यत्व त्याला जोडलं जातं. नवा अर्ज करू नका, पुन्हा शुल्क जाईल. म्हणून पासआयडी कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा.

घरात चौघं सदस्य असतील तर चौघांचं लॉगिन वेगळं आणि ईमेलही वेगळा लागतो, अगदी लहान मुलाचाही. जे अजून तिकडंच आहेत त्यांनी सिम बंद करण्याआधी ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडून घ्यावं.

प्रश्न : मुलगा डॅलसहून सिअ‍ॅटलला राहायला गेला, ग्रीन कार्ड आहे. इमिग्रेशनला पत्ता कळवलाय म्हणतो. पुरे ना? (जालना)

पुरे नाही. घर बदलल्यावर १० दिवसांच्या आत एआर-११ अर्जानं पत्ता कळवायचा असतो, तो त्यानं कळवला हे चांगलं झालं. पण तो यूएससीआयएसकडं, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन विभागाकडं जातो, सीबीपीच्या खात्यात आपोआप उमटत नाही. तिथं पत्ता वेगळा बदलावा. राज्य बदललंय, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सही नवं निघेल. ते आलं की त्याचीही नोंद त्याच खात्यात करायची.

प्रश्न : आई-वडिलांसाठी भारताची फास्ट ट्रॅक नोंदणी करायची आहे. हैदराबादहून जातात. वडिलांच्या पासपोर्टला दीड वर्ष उरलंय. आयुष्यभर शेतीकाम केल्यामुळं आधारला त्यांचे ठसे नीट येत नाहीत. (देगलूर)

या नोंदणीची मुदत पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, यातलं जे आधी संपेल ते. म्हणजे आज केली तर दीड वर्षातच संपणार. पासपोर्ट मुदतीच्या एक वर्ष आधीपासून नवा करता येतो. प्रवास लगेचचा नसेल तर सहा महिने थांबा, नवा पासपोर्ट काढा आणि मग नोंदणी करा. नोंदणी पासपोर्टला बांधलेली असल्यानं हाच क्रम फायद्याचा.

अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होतो. फोटो, पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा जोडायचा. मोबाइल नंबर व ईमेल वडिलांच्या रोजच्या वापरातला, नाहीतर तुमचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा कधीच देऊ नका. मंजुरीचा आणि बायोमेट्रिकच्या वेळेचा निरोप त्यावरच येतो, तो हुकला की अर्ज तसाच पडून राहतो.

बायोमेट्रिक विमानतळावर किंवा एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं प्रादेशिक) कार्यालयात देतात, त्यात बोटांचे ठसे आणि चेहरा दोन्ही असतात. कापूस वेचून, विळा-खुरपं धरून झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला उथळ दिसतात. आधीचे पंधरा दिवस रोज रात्री हाताला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, भेगा भरतात. प्रत्यक्ष वेळी मात्र हात साबणानं धुऊन कोरडे करून जा, तेलकट बोटाचा ठसा पसरतो. आईनं लग्नकार्यात बोटांच्या टोकांना मेंदी लावली असेल तर ती उतरू द्या. एवढं करूनही ठसे आले नाहीत तर नोंदणी होणार नाही. नेहमीचा काउंटर त्यांना खुलाच आहे, प्रवास अडत नाही.

ई-गेटवर आधी बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन होतो, मग ठसे-चेहरा जुळला की दार उघडतं. बोर्डिंग पासवरचं नाव पासपोर्टहून वेगळं असेल तर अडायची जागा हीच. तिकीट काढणाऱ्याला पासपोर्टचा फोटोच पाठवा, नाव फोनवर सांगू नका.

प्रश्न : मुलानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) आहे. नातू चौदा वर्षांचा, त्यालाही आहे. दर नव्या पासपोर्टला ओसीआय बदलावं लागतं का? (अंबाजोगाई)

नाही. वयाची वीस वर्षं होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टच्या वेळी त्याची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा, पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत. हे मोफत आहे. नातू वीस वर्षांचा झाल्यावर जो पहिला नवा पासपोर्ट काढेल, तेव्हा मात्र कार्ड एकदा नवं करावं लागेल. मुलानं विशीनंतर ओसीआय घेतलं असणार, त्यामुळं त्याला ही गरज नाही. पन्नाशीनंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टला एकदा प्रत व फोटो चढवला की झालं. फास्ट ट्रॅकसाठी ओसीआयधारकही पात्र आहेत. त्यानं पूर्वी भारतीय पासपोर्टवर नोंदणी केली असेल तर ती आता कामाची नाही. ग्लोबल एंट्रीसाठी अमेरिकी पासपोर्ट घेऊन त्यानं नोंदणी केंद्रात जावं.

प्रश्न : ‘तुमचं ग्लोबल एंट्री अपडेट करून देतो, ४,००० रुपये’ असं एकानं सांगितलं. द्यावेत का? (बीड)

देऊ नका. पासपोर्ट, पत्ता, ईमेल बदलायला सरकारी शुल्क शून्य आहे. शोध घेतला की हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी पानं वर येतात आणि तिथं पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख, कार्डाचे तपशील सगळं भरून घेतलं जातं. अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गव्ह’नं आणि आपल्या सरकारचा ‘गव्ह डॉट इन’नं संपतो, ते शेवटचे शब्द वाचल्याशिवाय काही भरू नका. इंग्रजी अर्ज जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या भाचीला किंवा पुतण्याला शेजारी बसवा, पण पासवर्ड आणि ओटीपी स्वतःच्या हातानं टाका. त्या माणसाला पासपोर्टची प्रत आधीच दिली असेल तर लॉगिनचा पासवर्ड आजच बदला आणि खात्यात दुसरा कुणाचा ईमेल किंवा फोन जोडला गेलाय का ते पाहा.