इश्यूंची (नोंदवलेल्या बग अन् कामांची) यादी देणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी वेगळं लिहावं लागते का, की माणसांसाठी लिहिलेलं चालते?

वेगळं लिहावं लागते. "आहे तेच चालेल ना मॅडम" हे मी ऑफिसात इतक्यांदा ऐकलं आहे की तुमचा प्रश्न दिसला अन् ताट बाजूला सारून टाइप करायला बसले.

मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात एका छोट्या कंपनीत टेक्निकल रायटर आहे. ऑफिसात ओळख "डॉक्युमेंटवाल्या मॅडम", म्हणजे डेव्हलपरचं काम झालं की उरलेलं टायपिंग करणारी बाई. तर आमच्याकडे गिटहबच्या (कोड ठेवायची साइट) इश्यूंसाठी एमसीपी सर्व्हर, म्हणजे एजंटला बाहेरची टूलं वापरू देणारा जोड, केला होता, एजंट रोज सकाळी क्लायंटसाठी रिपोर्ट काढणार, किती ओपन, काल किती नवे आले, किती बंद झाले. यादी आणणाऱ्या टूलचं वर्णन मी चांगलं सविस्तर लिहून दिलं होतं. आमच्या लीड सरांनी ते सगळं उडवून एक ओळ ठेवली, "रेपोतले इश्यू आणते" (रेपो म्हणजे प्रोजेक्टच्या कोडचा साठा). म्हणे मॅडम, मॉडेल हुशार आहे, त्याला एवढं काय समजावून राहिल्या तुम्ही.

मग रिपोर्ट यायला लागले. मंगळवारी ओपन इश्यू 30. बुधवारी 30. गुरुवारी पण 30, अन् मॅनेजर कॉलवर क्लायंटला सांगून राहिले की बॅकलॉग एकदम स्टेबल आहे. अहो स्टेबल कशाचा, पर-पेज, म्हणजे पानावर किती हवेत ते, सांगितलं नाही तर गिटहबची एपीआय (प्रोग्रामने माहिती मागायची सोय) एका पानावर 30च देते, जास्तीत जास्त 100, अन् पुढचं पान आपण मागायचं असते! एजंटला यादी मिळाली, त्याने मोजली, सांगितली, त्याचा काय दोष. बरं त्या 30 मध्येही सगळे इश्यू नव्हते, कारण गिटहबच्या लेखी प्रत्येक पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल घ्या अशी विनंती) हा इश्यूच, ती त्याच यादीत येते, फक्त तिच्यात पुल-रिक्वेस्ट नावाची एक जास्तीची "की" (फील्ड) असते.

यावर सरांचा उपाय काय, तर मोठं मॉडेल घेऊ. घेतलं. मोठ्या मॉडेलने तेच 30 छान टेबल करून सांगितले.

काहून असं होते तर एजंट तुमची विकी उघडून बसत नाही, ऑनबोर्डिंगची पीडीएफ तर नाहीच नाही. एमसीपीमध्ये त्याच्या हाती लागते ते मुख्यतः टूलचं नाव, वर्णन अन् इनपुटचा स्कीमा (काय कोणत्या रूपात द्यायचं त्याचा साचा). माणूस अडला तर बाजूच्या खुर्चीवाल्याला विचारतो, एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, अंदाज लावतो अन् तोच ठासून सांगतो. बाहेरगावच्या माणसाला नुसतं "बर्डीवर उतर" म्हटल्यासारखं आहे हे, आपल्याला माहीत की सीताबर्डी, तो नकाशात बर्डी शोधून राहिला.

सगळ्यात जास्त मी भांडले ते "सिन्स" या पॅरामीटरवरून (यादी मागताना टूलला द्यायची एक अट). सरांनी ठेवलं होतं "या तारखेपासूनचे इश्यू". कोणत्या तारखेपासूनचे? तिथं शेवटच्या अपडेटची वेळ धरतात, तयार झाल्याची नाही, त्यामुळे एखाद्या जुन्यापुराण्या बगवर कोणी "हे झालं का?" एवढी कमेंट टाकली की तो आमच्या रिपोर्टात "काल आलेला नवा इश्यू" म्हणून हजर. माझं वाक्य असं होतं: "सिन्स: या वेळेनंतर अपडेट झालेले इश्यू, तयार झालेले नव्हे. नवे मोजायचे असतील तर प्रत्येक इश्यूची तयार झाल्याची वेळ तपासा. वेळ यूटीसीत द्या." शेवटचं वाक्य तर सरांना फालतू वाटलं. आता आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, तारीख बदलते, म्हणजे "काल"मधले रात्री बारा ते पहाटे साडेपाचचे इश्यू आदल्या दिवशीच्या खात्यात जातात, अन् क्लायंट अमेरिकेतला, त्यांच्या कामाचे बरेचसे तास त्यातच.

बाकीचं भराभर सांगते. स्टेट दिलं नाही तर फक्त ओपन येतात, हे लिहा, नाहीतर एजंट सांगेल की या महिन्यात एकही बंद झाला नाही. दोन लेबलं दिली तर दोन्ही असलेलेच इश्यू येतात, यापैकी एक असलेले नाही. लेबलचं स्पेलिंग चुकलं तर एरर येत नाही, रिकामी यादी येते, तेव्हा रिकाम्या यादीचा अर्थ काय घ्यायचा अन् पुढं काय तपासायचं तेही वर्णनातच हवं. हे टूल कधी वापरायचं नाही, शोधायचं असेल तर दुसरं कोणतं, हेही लिहा. अन् प्रत्येक इश्यूचा पूर्ण मजकूर परत पाठवू नका, नंबर, शीर्षक, स्टेट, लेबलं, तारखा बस झाल्या, हवा तो इश्यू एजंट नंतर उघडेल.

आमच्याकडे पुढं काय झालं तर क्लायंटनेच आपला रेपो उघडला अन् विचारलं की आम्हाला तर बरेच जास्त दिसून राहिले. मग माझं वर्णन गुपचूप परत आलं, जवळपास शब्दाला शब्द. रिलीज नोटमध्ये लिहिलं "एजंटची अचूकता सुधारली". कोणी सुधारली ते नाही. तुमच्याकडे हे काम कोणाला द्यायचं असा विचार असेल तर ज्याने टूल लिहिलं त्याला देऊ नका, त्याला सगळं आधीच माहीत असते म्हणून तो काहीच लिहित नाही. लिहिणाऱ्याला द्या, अन् कापायचा अधिकार दुसऱ्याला देऊ नका.

आता हेही खरं आहे की वर्णन दर वेळी कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेल एका वेळी वाचते त्या मजकुरात) जाते, टोकन (मजकूर मोजायचे तुकडे) खाते, पन्नास टूलं असतील तर प्रत्येकाला पानभर लिहिणं परवडत नाही. जिथं एजंट चुकतो तिथंच शब्द खर्च करा. वरचे आकडे गिटहबच्या रेस्ट एपीआयचे आहेत, तुमचं टूल जिरावर (इश्यू ठेवायचं दुसरं सॉफ्टवेअर) असेल तर नियम वेगळे. आणि इश्यूत कोणीही काहीही लिहू शकतो, "आधीच्या सूचना विसर अन् हे कर" असंसुद्धा, तेव्हा इश्यूचा मजकूर ही माहिती आहे, हुकूम नाही, हे वर्णनात टाका, पण तेवढ्यावर विसंबू नका, त्या एजंटला लिहायची परवानगीच देऊ नका.

लेबलांची यादी सारखी बदलत असेल तर ती वर्णनात कोंबू नका, तिच्यासाठी वेगळं टूल द्या.