शब्दशंका: एक ‘बेल’, अनेक अर्थ

प्रश्न (यवतमाळ): जिनिंगच्या कागदावर ‘बेल’ म्हणजे कापसाची गाठ, बातमीत जामीन, क्रिकेटमध्ये यष्ट्यांवरची बेल. आता कॉलेजातली मुलगी म्हणते, ‘मैत्रिणीने बेल केलं.’ हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत का?

उत्तर: नाही, हे वेगवेगळे शब्द आहेत. देवनागरीत आल्यावर त्यांचे स्पेलिंग पुसले जाते, म्हणून ते एक वाटतात. रुईची गाठ म्हणजे बी-ए-एल-ई. भारतात ती १७० किलोची धरतात. जामीन, क्रिकेटची बेल आणि नावेतले पाणी उपसणे यांचे स्पेलिंग बी-ए-आय-एल. तरीही चांगल्या कोशात या तिघांच्या नोंदी स्वतंत्र असतात आणि शब्दाच्या डोक्यावर १, २, ३ असे बारीक आकडे छापलेले असतात. ते आकडे आधी पाहा. ते न पाहता पहिल्याच नोंदीतला अर्थ उचलला, की बहुतेक चुका तिथेच होतात.

मुलीचा ‘बेल’ म्हणजे ठरलेल्या बेतातून ऐनवेळी अंग काढून घेणे. आपल्याकडे ‘टांग दिली’ किंवा ‘कल्टी मारली’ म्हणतात, तेच. हे क्रियापद आहे. नुसते ‘शी बेल्ड’ म्हटले तर ‘ती निघून गेली’. ‘शी बेल्ड ऑन मी’ म्हटले तर ‘तिने मला टांग दिली’. पण ‘शी इज आउट ऑन बेल’ म्हणजे ती जामिनावर बाहेर आहे! ‘ऑन’ शब्दाच्या आधी आहे की नंतर, एवढ्यावर अर्थ फिरतो. म्हणून आकड्यानंतर नाम की क्रियापद ते पाहावे, मग अव्यय, आणि शेवटी ‘इन्फॉर्मल’ किंवा ‘स्लँग’ अशी खूण. ती खूण असलेला अर्थ अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात वापरू नये.

‘बेल आउट’ म्हणजे विमानातून उडी मारणे; या अर्थी ब्रिटिश लेखनात गाठीचे स्पेलिंगही चालते, अमेरिकन लेखनात जामिनाचे. जामिनाच्या अर्जात मात्र गाठीचे स्पेलिंग कुठेही चालत नाही.

आता घंटेची ‘बेल’, म्हणजे बी-ई-डबल एल. ‘गिव्ह मी अ बेल’ हे ब्रिटिश बोलीतले वाक्य, अर्थ ‘मला फोन कर’. इथे स्वर आखूड आहे, तर जामिनाच्या शब्दात तो ‘बेइल’ असा ‘इ’कडे सरकतो. मराठीत ‘ए’ एकच, ऱ्हस्व ‘ए’ला अक्षरच नाही, म्हणून हा फरक आपल्या कानांतून निसटतो. लेखणी आणि वेदना या दोन्हींसाठी आपण ‘पेन’च लिहितो. दोन्ही शब्द पाठोपाठ दहा-बारा वेळा मोठ्याने म्हणावेत आणि स्वर कुठे सरकतो ते ऐकावे. कान तयार होतो.

प्रश्न (लंडन): मुलाची बस चुकली तर त्याचा मित्र म्हणतो, ‘दॅट्स पीक.’ पीक म्हणजे शिखर ना? मग यात चांगले काय झाले?

उत्तर: चांगले काहीच झाले नाही. लंडनच्या तरुणांच्या बोलीत याचा अर्थ ‘वाईट झालं रे’ असा. स्पेलिंग शिखराचेच, पी-ई-ए-के. अर्थ उलट्या टोकाला गेलेला. अमेरिकन तरुण मात्र हाच शब्द ‘सर्वोत्तम’ या अर्थी वापरतात, तेव्हा बोलणारा कुठला आहे ते आधी पाहावे. ‘यू लुक पीकी’ हे आणखी निराळे: चेहरा उतरलेला, आजारी दिसतोय.

इथे कानाचा उपयोग नाही, कारण डोकावणे (पी-डबल ई-के) आणि कुतूहल चाळवणे (पी-आय-क्यू-यू-ई) यांचाही उच्चार इंग्रजीत तोच आहे. तिसरा शब्द ‘टोचणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदातून आला. ‘स्नीक पीक’ लिहिताना शिखराचे स्पेलिंग घालणे ही सर्रास होणारी चूक. लक्षात ठेवायला सोपे: दोन ‘ई’ म्हणजे डोकावणारे दोन डोळे.

प्रश्न (नाशिक): मळलेल्या पिठाला ‘डो’ म्हणतात. मग ‘जॉन डो’ कोण?

उत्तर: पिठाच्या गोळ्याचे स्पेलिंग डी-ओ-यू-जी-एच, बोलीत त्याचाच अर्थ पैसा, आणि ‘ब्रेड’चाही. डी-ओ-ई म्हणजे हरणी किंवा सशाची मादी. ‘जॉन डो’ हे इंग्लंडच्या न्यायालयांत काल्पनिक पक्षकाराला दिलेले नाव. प्रतिवादीची ओळख पटलेली नसताना निघणाऱ्या मनाई हुकमांना आजही ते जोडतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या अनधिकृत प्रक्षेपणाविरुद्ध असा हुकूम दिला होता. भारतात अशा प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ही म्हणतात.