पीएस२च्या डिस्कसाठी पीएस३ घेतोयस? आधी मागचं स्टिकर वाच

मित्रा, पीएस म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन, गेम खेळायचं मशीन. पीएस२चे गेम प्रत्येक पीएस३वर चालत नाहीत, ते मॉडेलवर ठरतं; म्हणून जुना पीएस३ घेताना किंमत विचारण्याआधी मशीन पालथं कर आणि मागच्या स्टिकरवरचा बारीक अक्षरांतला मॉडेल नंबर वाच.

२००६ मध्ये जपान-अमेरिकेत आलेल्या २० आणि ६० जीबी मॉडेलांत पीएस२ची इमोशन इंजिन (मुख्य प्रोसेसर) आणि ग्राफिक्स सिंथेसायझर (चित्रं काढणारी) या दोन्ही चिप प्रत्यक्ष बसवल्या होत्या. म्हणजे पीएस३च्या पोटात अख्खा पीएस२! २००७ च्या युरोपीय ६० जीबी मॉडेलात, म्हणजे स्टिकरवर सीईसीएचसी (CECHC) लिहिलेल्यात, इमोशन इंजिन काढून तिचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. ग्राफिक्सची चिप तेवढी ठेवली. बरेच गेम चालतात, काही अडखळतात. ४० जीबी मॉडेलात तर पीएस२ची डिस्क चालतच नाही. एका दुकानदाराच्या ‘सगळं चालतं’वर विसंबून मी तेच घरी आणलं होतं. डिस्क आत गेली, गेम काही सुरू झाला नाही. फार वाईट वाटलं होतं.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही: पीएस१-पीएस२च्या डिस्कना पीएस३वर रीजनचं बंधन आहे, म्हणजे डिस्क आणि मशीन एकाच विक्री-प्रदेशाचे लागतात. तुझ्या डिस्क पाल (PAL, युरोप-भारताकडच्या टीव्ही पद्धतीच्या) असतील तर अमेरिकन ६० जीबी कितीही चांगला असला तरी तुझ्या कामाचा नाही, सीईसीएचसीच शोध. पीएस१च्या डिस्क प्रत्येक पीएस३वर सॉफ्टवेअरनेच चालतात, रीजन तेवढा जुळला पाहिजे.

पीएस५च्या नादी यासाठी लागू नकोस, जुन्यांपैकी तो पीएस४च्याच डिस्क घेतो.

ही जुनी मशीन फार तापतात. स्वतःची डिस्क सोबत ने, विक्रेत्यासमोर तासभर खेळून बघ, मगच पैसे दे.