एसटीपीतला (शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला) वाळलेला गाळ भाजीपाल्याला टाकावा का? एकरी किती ट्रॉल्या?

भाजीपाल्याला टाकूच नका. किती ट्रॉल्या हा प्रश्न त्यानंतरचा.

मी एका शहराच्या एसटीपीवर केमिस्ट आहे, आणि याच गाळावरून माझं नि थोरल्या भावाचं बिनसलंय ते आजतागायत. दादा एकदा प्लांटवर आला होता. ड्राइंग बेडवर, म्हणजे गाळ वाळवायच्या वाफ्यावर, गाळ वाळून भेगाळलेला आणि भेगांमधून टोमॅटोची रोपं वर आलेली, फळं धरलेली. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून आणि आमच्या टाक्यांतूनही जिवंत निघतं, त्यामुळे बेडवर हे नेहमीचंच. दादा म्हणाला, "इथं फुकटात असं येतंय आणि मी डीएपीला पैसे मोजतोय!" लगेच विहिरीकडच्या पालकाच्या वाफ्यांत ट्रॉल्या रिकाम्या झाल्या.

पालक जोमात आला. येणारच, गाळात नत्र-स्फुरद भरपूर असतं. पण हिरवं पीक म्हणजे स्वच्छ गाळ, हे साफ चूक आहे. गाळातलं जस्त, तांबं, निकेल फार झालं तर पीक पिवळं पडतं, खुरटतं, निदान कळतं तरी. कॅडमियम हा विषारी धातू मात्र कळू देत नाही. खाणाऱ्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरेल इतकं पानात उतरलं तरी पालक टवटवीतच दिसतो, आणि पालेभाज्या ते जास्त ओढतात.

मग दादाने ठेकेदाराने दिलेला रिपोर्ट नाचवला. कॅडमियम किलोला २ मिलिग्रॅम. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा ५, म्हणजे पास! मी खालची बारीक ओळ वाचली: नमुना जसा आला तसा तपासला. तो नमुना प्रेसमधून दाबून निघालेल्या ओल्या गाळाचा (केकचा) होता, ज्यात ८० टक्के पाणी. मर्यादा मात्र कोरड्या वजनावर असते. २ भागिले ०.२, म्हणजे १०. मर्यादेच्या दुप्पट. हे गणित मी दादाला त्याच कागदाच्या पाठीवर करून दाखवलं, तर म्हणे, "तुम्हा शिकलेल्यांना सगळ्यात विषच दिसतं."

कंपोस्ट केलं की धातू निघून जातात, हे त्याचं दुसरं पालुपद. जातील कुठे? गाळ कुजवायच्या टाकीत (डायजेस्टरमध्ये) काय नि कंपोस्टच्या ढिगात काय, सेंद्रिय भाग कुजून हवेत जातो आणि धातू आहे तेवढाच राहतो, त्यामुळे किलोमागे प्रमाण उलट वाढतं. तिसरं, अमेरिकेत कॅडमियम किलोला ८५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. १९९३ च्या तिथल्या नियमात ८५ ही कमाल मर्यादा आहे खरी, पण ३९ च्या वर गेलं की त्या जमिनीत एकूण किती कॅडमियम पडलं याचा हिशोब ठेवावा लागतो. आपल्याकडे बांधावर असा हिशोब कोण ठेवतो?

आता तुमच्यापुरतं. शहरात प्लेटिंगचे (धातूचा मुलामा देणारे), बॅटरीचे कारखाने गटाराला जोडलेले असतील तर गाळाला हात लावू नका. नुसतं घरगुती सांडपाणी असेल तर धातू बरेच कमी असतात. तरी कॅडमियम, क्रोमियम, शिसं, निकेल, पारा, आर्सेनिक, तांबं, जस्त या आठांचा कोरड्या वजनावरचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ट्रॉली आत घेऊ नका. रिपोर्ट चांगला आला तर फुलझाडांना, बांधावरच्या झाडांना टाका.

एक राहिलंच. चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅडमियम बराचसा अडकून राहतो, कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत मोकळा होतो. गाळातल्याच मॉलिब्डेनम या धातूचं मात्र उलटं: काळ्या जमिनीत तो चाऱ्यात जास्त उतरतो आणि गुरांना तांब्याची कमतरता होते. शिवाय जंतांची अंडी वाळलेल्या गाळातही टिकतात, म्हणून उघड्या हाताने पसरू नका.

"आम्ही खाल्ला पालक, काय झालं?" असं घरचं कुणी म्हणालं तर सांगा की कॅडमियम मूत्रपिंडात साठायला वर्षं जातात. आणि दादा, हे वाचत असशील तर त्या वाफ्यांतली माती तपासायला दे. पैसे मी भरतो.