रेकॉर्डवर न छापलेली नावं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चोर्ला घाटापलीकडच्या, गोव्यातल्या एका तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) कुटुंबाकडून अमेरिकन सोलच्या, म्हणजे तिथल्या काळ्या गायकांच्या लोकप्रिय संगीताच्या, पंचेचाळीस आरपीएमच्या (मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या) रेकॉर्ड मिळाल्या. त्यांत टेम्प्टेशन्स या गायकांच्या गटाची 'माय गर्ल' आहे. लेबलवर गायक, गीतकार आणि निर्माते दिसतात, वाजवणाऱ्यांचं एकही नाव नाही. ते शोधायचं कसं?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : 'माय गर्ल'वर पुष्कळ शोध झालेला आहे, म्हणून तिचं उत्तर लगेच देता येतं. सुरुवातीचा बेस जेम्स जेमर्सनचा. त्यावर चढत जाणारी गिटारची ओळ रॉबर्ट व्हाइटची. व्हायोलिनांची मांडणी पॉल रायझरची. वर्ष १९६४, जागा डेट्रॉइटमधल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ ए. पण लेबलवर 'व्हाइट' वाचून गिटारवाला सापडला असं समजू नका. तो रोनाल्ड व्हाइट, स्मोकी रॉबिन्सनचा जोडीदार गीतकार. दोघेही आर. व्हाइट, दोघेही मोटाउनचे, त्यामुळे गफलत हटकून होते.

बाकीच्या रेकॉर्डसाठी आधी शेवटची कोरी पट्टी वाचा. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत जागा उरते, तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कंपनीने त्या रेकॉर्डिंगला दिलेला ओळख क्रमांक, कोरलेला किंवा ठोकलेला असतो. खानापूरच्या पावसात रेकॉर्डला बुरशी धरतेच, ती आधी काढा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका आणि मऊ सुती कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा. लेबल भिजू देऊ नका. स्पिरिट अजिबात नको. त्या काळच्या कितीतरी अमेरिकन पंचेचाळिशा व्हायनिलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या आहेत आणि स्पिरिटने त्यांचा पृष्ठभाग बिघडतो. लाखेच्या अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डचं तर वाटोळंच होतं. पट्टी सुकली की टॉर्च जवळजवळ आडवा धरून मोबाइलने फोटो घ्या. उजेड समोरून पडला तर हलकी कोरलेली अक्षरं बुजून जातात, तिरका पडला की त्यांची सावली उठते.

या नंबरावरून रेकॉर्डिंगची तारीख आणि स्टुडिओ शोधायचा. तुमची प्रत कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात दाबलेली किंवा इंग्लंडहून आलेली असेल, तर लेबलवरचा कॅटलॉग नंबर वेगळा असतो. टॅमला मोटाउनच्या, म्हणजे मोटाउनच्या अमेरिकेबाहेरच्या छापाच्या, लेबलवर टीएमजी आणि पुढे ५०१ किंवा त्यावरचा आकडा दिसला, तर तो १९६५ पासून सुरू झालेला ब्रिटिश क्रमांक. तो घेऊन डेट्रॉइटच्या रेकॉर्डिंगचे कागद धुंडाळण्यात वेळ वाया जाईल. आधी त्याच गाण्याचा अमेरिकन नंबर मिळवा.

प्रश्न : अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' न्यू यॉर्कला रेकॉर्ड झालं, पण वाजवणारे दक्षिणेकडचे, असं वाचलं. दोन्ही खरं कसं? आणि वादक युनियनचा कागद हाती लागला की वाद मिटतो ना?
(एक वाचक, बेळगाव कॅम्प)

उत्तर : दोन्ही खरं आहे. २४ जानेवारी १९६७ ला अलाबामातल्या फेम स्टुडिओत अरेथाचं काम सुरू झालं, पण ते तिथे पुरं झालं नाही. मग तिकडचेच वादक न्यू यॉर्कला बोलावले आणि १४ फेब्रुवारीला अटलांटिक या तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत 'रिस्पेक्ट' झालं. ड्रम्सवर रॉजर हॉकिन्स, गिटारवर जिमी जॉन्सन, बेसवर मेम्फिसचा टॉमी कॉगबिल. सॅक्सोफोन किंग कर्टिसचा. स्टुडिओचा पत्ता कळला म्हणजे वादक कळले, असं कधीच धरू नये.

युनियनच्या कागदावर तारीख, वेळ, गाण्यांची नावं, वादक आणि प्रत्येकाचा मेहनताना असतो. लीडरला, म्हणजे त्या दिवशीच्या वादकांच्या प्रमुखाला, दुप्पट मिळतात, म्हणून रकमेवरून तो ओळखता येतो. मात्र लीडर म्हणजेच अरेंजर (वाद्यरचना करणारा) असं नाही. हा सगळ्यात मोठा पुरावा खरा, पण त्यालाही भोकं आहेत. व्हायोलिनं आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) पुष्कळदा नंतर चढवली जात, त्यांचा कागद वेगळ्या तारखेचा. गाण्याचं नाव पुढे बदललं असेल तर जुन्याच नावाने नोंद राहते. शिकागोत १९६६ पर्यंत गोऱ्या वादकांची युनियन लोकल १० आणि काळ्यांची लोकल २०८ अशी वेगळी होती, त्यामुळे दोन्हीकडे बघावं लागतं. आणि चोरून केलेली कामं! जॅकी विल्सनचं १९६७ चं 'हायर अँड हायर' ब्रन्सविक कंपनीचं, शिकागोत झालेलं, पण त्यात मोटाउनचे वादक आहेत. मोटाउनला हे बाहेरचं काम चालत नसे, म्हणून ते गुपचूप करावं लागे.

प्रश्न : नुसत्या कानाने वादक ओळखता येईल का?
(बेस गिटार शिकणारा एक विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : अंदाज बांधता येतो, निर्णय देता येत नाही. जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडत असे आणि जाड, सपाट वेढ्याच्या तारा सहसा बदलत नसे. म्हणून सूर भरीव, पण झणझणाट नाही. पण बॉब बॅबिटही त्याच स्टुडिओत त्याच ढंगात वाजवत होता. गायक मार्विन गेच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या एलपीवर मोटाउनने पहिल्यांदा वादकांची नावं छापली. तिथे बेससाठी दोघांचीही नावं आहेत, कोणतं गाणं कोणाचं ते नाही. शीर्षकगीत जेमर्सनचं, 'मर्सी मर्सी मी' बॅबिटचं. दोन्ही पाठोपाठ ऐका, कान तयार होईल.

पंचेचाळीसची रेकॉर्ड तेहेतीसवर लावून बेस उतरवू नका. सूर पाच अर्धस्वरांहून थोडा जास्त खाली जातो आणि खालची पट्टी गढूळ होते. ऑडॅसिटी या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये सूर तोच ठेवून लय कमी करा. स्टीरिओ प्रत असेल तर डावी-उजवी बाजू वेगळी करा, एक 'इन्व्हर्ट' करून (मागून पुढे वाजणारं 'रिव्हर्स' नव्हे) दोन्ही एकत्र करा. मधोमध असलेला आवाज, म्हणजे बहुधा गायक, निघून जातो आणि कडेची वाद्यं उघडी पडतात. मोनो रेकॉर्डवर हे केलं तर फक्त खरखर उरेल, कारण दोन्ही बाजू सारख्याच असतात. मूळ मोनोवरून बनवलेल्या नकली स्टीरिओ एलपीही पुष्कळ आहेत. त्यांवर निघणारा निष्कर्ष फुकट.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्राच्या पत्रकात मूळ वादकांची नावं छापायची आहेत. कशी छापावीत?
(एक संयोजक, बेळगाव)

उत्तर : अवश्य छापा. घाटापलीकडच्या सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना केली, पण रेकॉर्ड ऐकणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक होतं? डेट्रॉइटच्या माणसांचंही तेच झालं, म्हणून नाव चुकीचं जाता कामा नये. गाण्यानुसार लिहा, एलपीनुसार नको. गीतकार, अरेंजर आणि वादक यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. कागद आणि त्या सेशनला हजर असलेल्याची मुलाखत, असे दोन स्वतंत्र पुरावे जुळले तरच नाव सरळ छापा. एकच असेल तर नावापुढे 'बहुधा' लिहा. नुसत्या कानाचा अंदाज असेल तर 'वादक अज्ञात' छापा आणि खाली मॅट्रिक्स नंबर द्या, म्हणजे पुढे कुणाला कागद सापडला तर त्याला ती नोंद पुरी करता येईल.